चाखणं म्हणजे खाणं नव्हे

थोरलीला ऑपरेशनला साडेआठ वाजता न्यायचं होतं, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी धाकटीला कळलं की थोरली उपाशी नाहीये.

कळलं तेही चहाच्या निमित्तानं. "माझ्या तोंडाकडे काय बघत बसलीस, खाली जाऊन चहा पिऊन ये, तुझंच तोंड सुकलंय," असं म्हणून थोरलीनं तिला खोलीतून पिटाळलं होतं. खाली म्हणजे तळमजल्यावर, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात. ते थोरलीचं राज्य. एकोणीस वर्षं तिनं तिथं आजाऱ्यांसाठी शिजवलं होतं. कुणाला मीठ नाही, कुणाला साखर नाही, कुणाला दात नाहीत, कुणाला इच्छाच नाही. उंच, काटक अंग आणि वर गोल डोकं, म्हणून सगळं हॉस्पिटल तिला पळीबाई म्हणायचं. आज तिच्या जागी तात्पुरता आलेला आचारी उभा होता, आडव्या बांध्याचा, घामेजलेला. आल्या दिवसापासून त्याचं नाव बदली पडलं होतं.

"पळीबाईंच्या बहीण ना तुम्ही?" चहाचा पेला पुढे करत बदली म्हणाला. "साचा तोच, दांडा जरा आखूड. काळजी करू नका. बाई घट्ट आहेत. सकाळी साडेसहाला गाऊनवर शाल लपेटून खाली आल्या होत्या. सगळी भांडी बघून गेल्या."

"बघून?"

"बघून म्हणजे चाखून. चौदाच्या चौदा. सायीचं सूप तर तीनदा. म्हणाल्या, आज माझी जीभ घे, उद्यापासून तुझी वापर."

धाकटीनं पेला ओट्यावर ठेवला. चहा हिंदकळून ओट्यावर सांडला, तिला दिसला नाही. तिला दिसत होता कालचा कागद.

धाकटी छापखान्यात मुद्रितं तपासायची. हरवलेला काना, सुटलेली वेलांटी, दोनदा पडलेला शब्द, सगळं तिच्या नजरेला टोचायचं. म्हणून काल संध्याकाळी हॉस्पिटलनं दिलेला सूचनांचा कागद तिनंच मोठ्यानं वाचून दाखवला होता. दागिने काढावेत. नखांचा रंग पुसावा, कारण भुलेत असताना नखांवरून रक्तातला प्राणवायू मोजतात. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. पहाटे सहापर्यंत साधं पाणी चालेल. रात्री बारानंतर काहीही खाऊ नये. चाखू नये, असं कुठं लिहिलं नव्हतं. कोण लिहील?

आणि थोरलीला चाखणं म्हणजे खाणं कधी वाटलंच नव्हतं. पळीनं डाव्या तळहातावर थेंब सोडायचा, जिभेनं टिपायचा, डोळे मिटायचे, आणि मीठ किती ते सांगायचं. दिवसातून शंभरदा. त्यानंतर ती चारीठाव जेवायची, आणि कुणी "इतकं चाखून भूक राहते?" असं विचारलं की म्हणायची, "शिंप्यानं शंभर सदरे शिवले म्हणून त्याचं अंग झाकतं का?"

लिफ्टपाशी दोन स्ट्रेचर खोळंबली होती. धाकटी जिन्यानं निघाली. पहिला मजला चढेपर्यंत पाय धावत होते. दुसऱ्या मजल्यावर मन धावायला लागलं आणि पाय थांबले.

सांगितलं तर आजचं ऑपरेशन राहणार.

तीन महिन्यांपूर्वी हे सुरू झालं. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत चढायची आणि तासन् तास उतरायची नाही. शेजारीण म्हणाली, पित्त झालंय. मग सोनोग्राफीत खडे दिसले तर म्हणाली, खडेच ना, भरपूर पाणी पी, पडून जातील. थोरली तांब्यांवर तांबे पाणी प्याली. सर्जननं तिला कागदावर चित्र काढून समजावलं, की पाण्यानं कधीकधी पडून जातात ते मूतखडे, त्यांची वाट वेगळी. हे पित्ताशयातले. यकृताच्या पोटाशी एक पिशवी लोंबते, तिच्यात पित्त साठतं. स्निग्ध काही खाल्लं की पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. आवळताना एखादा खडा तिच्या मानेत अडकला की कळ. थोरली चित्र बघत राहिली. एकोणीस वर्षांत तिच्या ताटातला खडा कुणाच्या दाताखाली आला नव्हता. त्या संध्याकाळी तिचं तोंड इतकं उतरलं की धाकटीनं तिला हसवायला आईच्या चालीवर एक ओवी रचली. आई दाणे निवडताना रचायची तशी.

ताटातला खडा। बोटांना गवसे।
पोटीचा न दिसे। कोणालाही॥

थोरली हसली होती. मग पुढच्या महिन्यात तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. एक खडा पिशवीतून निसटून पित्ताच्या मुख्य नळीत जाऊन बसला होता. तोंडातून दुर्बीण घालून तो काढला, आणि सर्जननं बजावलं, आता पिशवीच काढायची, लवकर. पुढचा खडा स्वादुपिंडाच्या वाटेत अडकला तर जीवावरचं दुखणं. पहिली तारीख थोरलीनं सर्दी झाली म्हणून टाळली. दुसरी, स्वयंपाकघरात नवी शेगडी बसतेय म्हणून. ही तिसरी. यानंतर सर्जन परदेशी शिकवायला चाललेले, पुढची तारीख सात आठवड्यांनी. आज खाट सोडली तर थोरली पुन्हा या खाटेवर चढणार नाही, हे धाकटीला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं.

थेंबच तर आहेत. जिन्याच्या कठड्याला धरून तिनं स्वतःला समजावलं. तळहातावरचे थेंब. वाळून गेले असतील एव्हाना.

पण काल भूल देणाऱ्या डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या होत्या, आणि सांगितलं होतं, की भुलेत माणसाचा गळा राखणारा पहारेकरीही झोपतो. पोटात काही असलं तर ते वर येतं, फुप्फुसात उतरतं, आणि खोकून बाहेर टाकायला माणूस जागा नसतो. म्हणून उपाशी ठेवतो आम्ही, छळायला नाही.

धाकटी उरलेला मजला दोन-दोन पायऱ्या घेत चढली.

खोली रिकामी होती. थोरलीला पाच मिनिटं आधीच नेलं होतं.

धाकटी पोचली तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर टेकलं होतं. हिरवी टोपी घातलेली थोरली छताकडे बघत होती. डॉक्टरबाई हातातल्या कागदावर खुणा करत होत्या.

"तिनं चाखलंय," धाकटी म्हणाली. दम इतका लागला होता की शब्द तुटून पडले.

थोरलीनं मान वळवली. "काय म्हणालीस?"

"साडेसहाला. खाली. चौदा भांडी."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "पळीबाई, आत्ताच विचारलं मी. काही खाल्लंत का? नाही म्हणालात."

"नाहीच खाल्लं. चाखलं."

"एकच ते."

"एकच कसं? खाणाऱ्याचं पोट भरतं, चाखणाऱ्याचं काम होतं."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी स्ट्रेचरच्या दांडीवर हात ठेवला, जसा कुणी दाराच्या कडीवर ठेवतो. "एका वेळी किती घेता?"

"तळहातावर. अर्धा चमचा."

"एका भांड्याचं एकदाच?"

"मिठाआधी एकदा, मिठानंतर एकदा. सायीच्या सुपाला तीनदा, ते बेइमान असतं."

डॉक्टरबाईंनी मनात बेरीज केली. "म्हणजे अर्धी वाटी. साय आणि लोण्यासकट." त्या मागे वळून आतल्या माणसाला म्हणाल्या, "पुढचा पेशंट आधी घ्या." मग धाकटीकडे बघून, हळू आवाजात, "तुम्ही आत्ता आला नसतात, तर मी पाच मिनिटांत भूल दिली असती."

धाकटीनं स्ट्रेचरची दुसरी दांडी धरली.

ठरलं ते असं, की चाखून झाल्यापासून आठ तास, म्हणजे पावणेतीनच्या आत भूल द्यायची नाही. सर्जनना चारनंतर थांबता येत नव्हतं. मधलं मोठं ऑपरेशन वेळेत संपलं तर आज, नाहीतर सात आठवडे.

खोलीत परत आल्यावर थोरलीनं टोपी काढून उशीवर आपटली.

"झालं समाधान? सगळ्या हॉस्पिटलात शोभा केलीस. आता मी घरी चालले."

"कुठं चाललीस?"

"पुढच्या तारखेला येईन."

"तू येशील आणि मी बघेन. दोन तारखा खाल्ल्यास तू. का त्याही चाखल्यास फक्त?"

"जिभेला हाड नाही तुझ्या."

"तुझीच धाकटी."

थोरली कपड्यांच्या पिशवीकडे वळली, तर धाकटी त्या पिशवीवर जाऊन बसली, चांगली मांडी घालून. "जा ना. अशीच जा. गाऊन मागून उघडा आहे, वारा लागेल तेवढंच. मी भाऊजींना कळवते, संध्याकाळी मालट्रक घेऊन सरळ घरीच या, बायको वाटेत भेटेल."

थोरलीच्या ओठांचं टोक हललं, पण तिनं ते आवळून धरलं. धाकटीकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. बाहेर गॅलरीत फरशी पुसणारी बाई बादली सरकवत गेली, सरकवत आली.

अकराच्या सुमाराला थोरलीनं खिडकीच्या गजाला धरलं. आधी धाकटीला वाटलं, रडतेय. मग तिनं पाहिलं, की गजावरची बोटं पांढरी पडलीत आणि ताईचा उजवा खांदा वर, कानाकडे चढलाय.

"ताई?"

"काही नाही."

"ताई, बस आधी."

"सांगितलं ना, काही..." आणि ती खाली बसली, फरशीवर, दोन्ही हात बरगडीखाली दाबून. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. धाकटीनं घंटीचं बटण दाबलं ते सोडलंच नाही. परिचारिका आली, डॉक्टरबाई आल्या, इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं, डोळे पाहिले. थोरली कण्हत नव्हती. कण्हली असती तर बरं, असं धाकटीला वाटत होतं. ती फक्त एकेक श्वास वेचून घेत होती, जशी पूर्वी आई दाणे वेचायची.

"साय पोचली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पिशवी आवळली. तुम्ही चाखता की खाता हे तिला कळत नाही, पळीबाई."

कळ उतरायला पाऊण तास लागला. थोरलीचा चेहरा तोवर ओल्या कागदासारखा झाला होता. धाकटी तिच्या पायाशी बसून तळवे चोळत राहिली.

"धाकटे," बऱ्याच वेळानं थोरली म्हणाली. "सकाळी मी सवयीनं नव्हते गेले खाली."

"मग?"

"शेजारीण म्हणाली, पित्ताची पिशवी काढली की तोंड कायमचं कडू होतं. चव जाते. तिच्या नणंदेची गेली म्हणे. म्हटलं, एकदा सगळं जिभेवर ठेवून घ्यावं. लक्षात राहील तेवढं राहील."

धाकटीचे हात थांबले.

"सर्दी नव्हती झाली तुला. त्या वेळी."

"नव्हती."

"आणि शेगडी?"

"शेगडी बसवली ना. माझी गरज नव्हती, इतकंच." थोरलीनं आपला डावा तळहात उघडून पाहिला. वर्षानुवर्षांच्या गरम थेंबांनी तो मधोमध गुळगुळीत, लालसर झाला होता. "चव गेली तर मी काय गं उरले? नुसती पळी. पळी दिवसभर रसात बुडते आणि तिला काही कळत नाही."

"हे डॉक्टरना का नाही विचारलंस?"

"काय विचारू? जीव टांगणीला आणि बाईला जिभेचं पडलंय, म्हणतील."

धाकटी उठली. ती थेट गॅलरीच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि एक ऑपरेशन संपवून दुसऱ्याकडे निघालेल्या सर्जनना तिनं अडवलं. तरुण माणूस, कमी बोलणारा. तिनं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तो आला आणि थोरलीच्या खाटेच्या कडेवर बसला. खाटेवर डॉक्टर बसत नाहीत, हे थोरलीला ठाऊक होतं. ती सावरून बसली.

"पित्त पिशवीत तयार होत नाही," तो म्हणाला. "यकृतात होतं. पिशवी म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातली कोठी. कोठी काढली तरी रोजचा शिधा येतच राहतो, फक्त साठत नाही, थेंबथेंब थेट आतड्यात उतरतो. सुरुवातीचे काही आठवडे तेलकट फार झालं तर पोट कुरकुरेल. बहुतेकांचं पुढे नीट होतं."

"आणि जीभ?"

"मी पोटाला चार छोटी भोकं पाडणार. गॅस भरून पोट फुगवणार, म्हणून दोन दिवस खांदा दुखेल. जिभेच्या वाटेला मी जातच नाही. औषधांनी काही दिवस तोंड बेचव वाटेल, ते जातं."

"शेजारणीच्या नणंदेची..."

"ती नणंद मी पाहिलेली नाही. तुम्हाला पाहिलंय." तो उठला. "मी रोज दुपारी तुमच्याच हातचं जेवतो. मला काय, माझं नुकसान करून घ्यायचंय?"

तो गेल्यावर थोरली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग तिनं उशीवरची टोपी उचलली, झटकली, आणि धाकटीच्या हातात दिली. "केस आत घाल माझे. मघाशी कानावर आले होते."

दोन वाजता बदली वर आला. हातात झाकलेली वाटी, चमचा. "बाई, रात्रीचं सूप टाकलंय. काहीतरी चुकतंय, कळत नाहीये. जरा जिभेला..."

धाकटी दारात आडवी आली. पण त्याआधीच थोरलीनं स्वतःच्या तोंडावर तळहात ठेवला होता. तळहाताआडून ती म्हणाली, "तू चाख."

"मी चाखलं."

"कसं लागतंय?"

"बरं लागतंय."

"बरं कुणालाही लागतं. नीट घे. गिळू नकोस लगेच. टोकाला काय येतंय, कडेला काय येतंय?"

बदलीनं डोळे मिटले. त्याच्या जाड भुवया जवळ आल्या. थोरली त्याच्या गळ्याकडे अशी बघत होती, जसं कुणी बाहेर उभं राहून आपलंच घर बघावं.

"कडेला ओढतंय जरा. दोन्हीकडे."

"टोमॅटो कच्चा आहे. मीठ घालू नकोस, सगळे तिथंच फसतात. दहा मिनिटं उकळू दे, मग परत चाख."

"परत विचारायला येऊ?"

"मी नसेन," थोरली म्हणाली.

पावणेतीन वाजले. कुणी आलं नाही. तीन. गॅलरीत पावलं वाजली की दोघी दाराकडे बघायच्या आणि पावलं पुढे जायची. मधलं ऑपरेशन लांबलं होतं. तीन वाजून दहा. धाकटीनं घड्याळाकडे पाठ केली, तर तिला ते थोरलीच्या डोळ्यांत दिसायला लागलं. तीन वाजून वीस.

"नाही झालं आज तर," थोरली म्हणाली, "मी सात आठवडे उकडलेलं खाईन. चाखणार नाही. आणि येईन. शपथ नाही घालत, तशीच सांगते."

धाकटीनं मान डोलावली.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी स्ट्रेचर आलं. थिएटरच्या दाराशी डॉक्टरबाई वाट बघत होत्या. त्यांनी तेवढंच विचारलं, "साडेसहानंतर तोंडात काय काय गेलं?"

"थुंकी," थोरली म्हणाली. "आणि हिचे टोमणे. तेही गिळले."

दार बंद झालं.

त्यानंतरचा सव्वा तास धाकटीनं बाकावर बसून काढला. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचनांचा फलक होता. त्यात तीन चुका होत्या. तिनं त्या पुन्हा पुन्हा वाचल्या, दुरुस्त केल्या, परत वाचल्या. सर्जन बाहेर आला तेव्हा पावणेपाच होत आले होते. चार केव्हाच उलटून गेले होते, आणि तो थांबला होता.

"झालं," तो म्हणाला. "पिशवी सुजलेली होती, मानेत खडा रुतलेला. सात आठवडे तिनं दम धरला नसता." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि सकाळी घेतलं असतं तर दुसरंच काही सांगायला आलो असतो."

धाकटीनं त्याला हात जोडले.

तासाभरानं तिला आत सोडलं. थोरली डोळे मिटून पडली होती, ओठांना पापुद्रे आले होते. परिचारिका म्हणाली, प्यायला इतक्यात नाही, पण ओठ ओले करा. तिनं वाटीत पाणी दिलं, कापसाचा बोळा दिला. धाकटीनं बोळा भिजवून पिळला आणि ताईच्या ओठांवरून हलकेच फिरवला. एक थेंब आत उतरला. मिटल्या डोळ्यांवर, थोरलीच्या कपाळावर आठी उमटली. जीभ आत कुठंतरी हलली.

"शिळं आहे," ती पुटपुटली.

"काय, ताई?"

"पाणी. कालचं."

परिचारिकेनं कोपऱ्यातल्या जारचं झाकण उघडून आत पाहिलं. "अगं बाई, आज भरायचंच राहिलं वाटतं," ती म्हणाली, आणि जार उचलून बाहेर गेली. धाकटी बोळा हातात धरून बसून राहिली. थोरली पुन्हा झोपली होती.